काचेपलीकडची बाराखडी

आमचा प्रौढ साक्षरता वर्ग ज्या शाळेत भरायचा, ती शाळा बंद पडून काही वर्षं झाली होती. सक्करदऱ्याच्या तलावाच्या मागच्या अंगाला असलेल्या वस्तीतली ती मराठी शाळा. पोरं कमी होत गेली, मग शिक्षक कमी झाले, आणि एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती उघडलीच नाही. मैदानात गाजरगवत माजलं. नळाच्या तोट्या कोणीतरी काढून नेल्या. आत शिरलं की जुन्या खडूचा आणि वटवाघळांचा मिसळलेला वास यायचा. तो वास घरी गेल्यावरही माझ्या पदराला चिकटून असे.

मी नोकरीतून निवृत्त झाले होते. मुलगी लग्न होऊन गेली होती आणि घरातली दुपार सरता सरत नव्हती. ओळखीतल्या एकीने विचारलं, बायकांना लिहायवाचायला शिकवशील का. मी हो म्हणाले. ज्या संस्थेतर्फे वर्ग चालायचे तिने आम्हा स्वयंसेवकांना थोडंसं शिकवलं, हातात पुस्तकं दिली आणि या शाळेतली एक खोली उघडून दिली.

बायकांना दुपारचीच वेळ सोयीची होती. सकाळची धुणीभांडी उरकलेली, संध्याकाळची सुरू व्हायची असलेली. नागपूरची उन्हाळ्यातली दुपार ज्याने पाहिली आहे त्याला मी काय म्हणते ते कळेल. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. घराघरातून कूलरची घरघर येत असते, पण माणूस दिसत नाही. अशा वेळी त्या रिकाम्या इमारतीत आम्ही जमायचो. बाकी सगळ्या खोल्यांना कुलपं. जाड भिंतींमुळे आत उन्हाची झळ लागत नसे. उलट कधी कधी अंगावर शहारा येईल इतकं गार वाटायचं.

आमच्या खोलीतला फळा निकामी झाला होता. सिमेंटचा होता, पोपडे पडून पार खडबडीत झालेला. पण बाजूच्या खोलीच्या आणि आमच्या मधे पक्की भिंत नव्हती, लाकडी पार्टिशन होतं. खालच्या अर्ध्यात फळ्या, वरच्या अर्ध्यात काचा. बाजूच्या खोलीच्या खिडक्या बंद असल्यामुळे तिकडे अंधार असे आणि त्या काचा इकडून काळ्याकुट्ट दिसत. मी खडू पाण्यात बुडवून त्या काचेवर लिहून पाहिलं. अक्षर झकास उमटलं. ओल्या फडक्याने पुसताही येत होतं. तोच आमचा फळा झाला.

मी अक्षर लिहायची, मोठ्याने म्हणायची, बायका माझ्यामागून म्हणायच्या. साधी जुनी पद्धत.

एका दुपारी मी 'ग' लिहिला. बायकांनी 'ग' म्हटलं. आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, जरा उशिराने, आणखी एक 'ग' ऐकू आला.

मला वाटलं कोणीतरी मागे राहिली. मी 'घ' घेतला. पुन्हा तेच. सगळ्याजणींचा आवाज थांबल्यावर एक हलका आवाज, बाईचा की पुरुषाचा ते न कळणारा, काचेच्या पलीकडून आल्यासारखा. मी बायकांकडे पाहिलं. त्या एकमेकींकडे पाहत होत्या.

"इमारत रिकामी आहे ना, त्यामुळे आवाज घुमतो," मी म्हणाले.

त्यांच्यात ब्लाऊज शिवणारी एक बाई होती, चाळिशीची, कोणाला न भिणारी. ती म्हणाली, "घुमते तर मग रोज काहून नाई घुमत, मॅडम?"

मी 'च'कडे वळले.

त्या दिवसापासून आमचं म्हणणं बदललं. बायका अक्षर म्हणायच्या आणि मग नकळत थांबायच्या, कान देऊन. कधी आवाज यायचा, कधी नाही. आला तर खोलीत एकदम इतकी शांतता पसरे की कोणाची बांगडी सरकली तरी दचकायला व्हायचं. मीही थांबायची. कोणी तसं ठरवलं नव्हतं.

वर्गात एक आजी होती, कळमेश्वरकडच्या खेड्यातून मुलाकडे राहायला आलेली. ती वर्गात फार बोलत नसे. एक दिवस मी काचेवर 'ज' लिहून बाजूला झाले तर ती एकटक बघत राहिली. "काय झालं आजी?" मी विचारलं.

"त्या 'ज'च्या पोटात डोळा हाय," ती म्हणाली.

सगळ्यांनी पाहिलं. काचेत आम्हीच दिसत होतो, आमचेच चेहरे, खिडकीतलं ऊन आणि त्यावर पांढरा 'ज'. मी जवळ जाऊन काचेला कपाळ टेकवलं, दोन्ही हातांनी उजेड अडवून आत पाहिलं. अंधार होता. एकावर एक रचलेले बाक असावेत अशा आकृत्या होत्या. बाकी काही नाही.

"माह्या डोळ्यातच मोतीबिंदू असन," आजी समजुतीच्या सुरात म्हणाली. पण त्या दिवसापासून ती पार्टिशनपासून लांब बसू लागली.

मग वस्तीतल्या जुन्या गोष्टी वर आल्या. या शाळेत पूर्वी एक मोठ्या बाई होत्या, म्हणजे मुख्याध्यापिका. वर्गातल्या काहीजणींची मुलं त्यांच्या हाताखाली शिकली होती. कडक होत्या, पण मायाळू. त्या शाळेतच, टेबलाशी बसल्या बसल्या गेल्या होत्या. कोणत्या खोलीत, हे मी विचारलं नाही. शिवणवालीने न विचारता पार्टिशनकडे बोट केलं.

बायका अक्षराला भिऊन पळाल्या असत्या तर मी समजू शकले असते. प्रत्येक नव्या वर्गात तसं होतं. पण आता त्या वर्गाला भिऊ लागल्या. एक येईनाशी झाली, मग तिच्या शेजारची. नेमकं त्याच सुमारास संस्थेचा निरोप आला. येत्या साक्षरता दिनाला चांगल्या चाललेल्या वर्गांचा सत्कार होणार होता आणि आमच्या वर्गाचं नाव पुढे आलं होतं. पर्यवेक्षक पाहायला येणार होते. सोबत पाहुणे असतील, बसायला जागा हवी, म्हणून बाजूची खोली उघडून झाडून ठेवा, असं त्यांनी सांगितलं.

व्हरांड्याकडच्या दाराचं कुलूप गंजलं होतं. किल्ली होती पण फिरेना. तेल घालून, हलवून हलवून ते निघालं. शिवणवाली, आजी आणि आणखी काहीजणी माझ्यामागे उभ्या होत्या.

आत धुळीचा जाड थर होता. बाक भिंतीशी रचलेले. पण एक बाक ओढून मधोमध ठेवलेला होता, आणि तेवढा एकच बाक स्वच्छ होता. त्याच्यापासून मागच्या दारापर्यंत धुळीत पावलांची वाट पडली होती. ती इतकी मळलेली होती की टाच कुठली आणि चवडा कुठला हे कळत नव्हतं.

समोरच्या फळ्यावर लिहिलेलं होतं. ओळीमागून ओळी, वरपासून खालपर्यंत. मराठीसारखंच दिसत होतं, पण मराठी नव्हतं. डोकं गरगरल्यासारखं झालं. डोळे ओळख सांगत होते आणि मन ते मान्य करत नव्हतं.

"हे काय लिहिलं हाय, मॅडम?" कोणीतरी विचारलं.

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायची तेव्हा शिशाचे खिळे हातात घेऊन पाहायची. खिळ्यावर प्रत्येक अक्षर उलटं असतं, आरशात दिसावं तसं. वडील ती उलटी अक्षरं सरसर वाचायचे. त्यामुळे बायकांच्या आधी मला ओळख पटली. उलटा क. उलटा ख. उलटा ग. सगळ्यात खाली, ताज्या खडूने, उलटा ठ. 'ठ' मी आदल्याच दिवशी शिकवला होता.

"आपलीच अक्षरं आहेत," मी म्हणाले. "उलटी लिहिली आहेत."

मी हे बोलायला नको होतं. आजीने डोक्यावरचा पदर घट्ट ओढून घेतला. "भुताचे पाय उलटे राह्यते," ती हळूच म्हणाली, "मंग अक्षरं बी उलटीच असन."

कोणी किंचाळलं नाही, कोणी पळालं नाही. त्या एकेक करून व्हरांड्यात गेल्या, चपला घातल्या आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी शिवणवाली, आजी आणि मी एवढ्याच होतो.

आजी आली याचंच मला नवल वाटलं. मी तसं म्हणाले. ती म्हणाली, "मोठ्या बाई असन तर भ्याचं काहून? ते काय वाईट करून राह्यली का? शिकूनच राह्यली नं."

त्या दोघींना बसवून मी एकटी बाजूच्या खोलीत गेले. दार लोटून घेतलं आणि त्या स्वच्छ बाकावर बसले. अंधाराला डोळे सरावले तशी समोर काच दिसली. आमच्या खोलीतल्या उजेडाने ती भरून गेली होती. शिवणवाली आणि आजी पडद्यावर दिसाव्यात तशा स्पष्ट दिसत होत्या. आजी जांभई देत होती. त्यांना मी दिसत नव्हते. आणि काचेवर मी मघाशी लिहून ठेवलेला 'ड' इकडून काळा आणि उलटा दिसत होता.

म्हणजे इथे बसून कोणीतरी आमच्याकडे बघत होतं, आणि जसं दिसेल तसं फळ्यावर उतरवून घेत होतं.

हे कळल्यावर भीती जायला हवी होती. ती वाढली. भूत असतं तर निदान ते बाईंचं होतं. आता ते एक माणूस होतं, मागच्या दाराची किल्ली असलेलं, आणि माझ्या वर्गातल्या बायका रोज त्याच्या नजरेसमोर बसत होत्या.

मी शिवणवालीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पाहू तर कोण हाय थो." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वर्गाच्या वेळेआधीच आलो आणि बाजूच्या खोलीत बाकांच्या चळतीमागे उभ्या राहिलो. बाहेर ऊन रणरणत होतं. मागच्या दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ जमिनीवर पडली होती. ती रेघ एकाएकी तुटली. कोणीतरी बाहेर उभं होतं.

कुलूप निघालं. दार हळूच उघडलं. एक उंच, वाकलेला म्हातारा आत आला. त्याने चपला काढून हातात घेतल्या होत्या. दार लावून घेऊन तो बाकाशी गेला, खांद्यावरच्या दुपट्ट्याने बाक पुसला, चपला खाली ठेवल्या आणि काचेकडे तोंड करून बसला. खिशातून खडूचा तुकडा काढून त्याने मांडीवर ठेवला. मग तो वाट बघू लागला.

शिवणवालीचा हात माझ्या दंडावर होता. तो सैल झाला. "घंटीवाले काका?" ती म्हणाली.

म्हातारा इतका दचकला की खडू खाली पडून फुटला. तो उठायला गेला, पण उठला नाही. तसाच बाकाला धरून बसून राहिला. मी खिडकी उघडली. उजेडात त्याचा चेहरा पांढराफटक दिसत होता.

तो या शाळेचा जुना शिपाई होता. घंटा द्यायचा, कुलपं उघडायचा, सूचना घेऊन वर्गावर्गात फिरायचा. शिवणवालीचा मुलगा या शाळेत होता तेव्हा रस्ता ओलांडताना काकाच त्याचा हात धरत. शाळा बंद झाल्यावर ते गावी गेले असं वस्तीत सगळे समजून होते. गावी गेलेही होते, पण करमलं नाही म्हणून तलावाजवळ मुलीकडे येऊन राहिले होते. मागच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे राहून गेली होती.

"तुम्ही इथे का बसता, काका?" मी विचारलं. "वर्गात का येत नाही?"

त्यांनी वाकून फुटलेल्या खडूचे तुकडे गोळा केले. मग म्हणाले, "ताई, जन्म गेला माह्या या शाळेत. गुरुजी लोकं, पोट्टे, सगळे मले काका काका म्हणत. कोणालेच मालूम नोतं का मले वाचता येत नाई. सूचना घेऊन जाओ, गुरुजीच्या हातात देओ, ते वाचत. आता कोणत्या तोंडानं सांगू का मले 'अ' शिकवा म्हणून?"

"कोणालाच माहीत नव्हतं?"

"मोठ्या बाईले होतं," ते म्हणाले. "कसं समजलं काय मालूम. त्या कधी बोल्ल्या नाई. पण सूचना देताना मले दरवेळी वाचून दाखवत. म्हणत, आयका बरं काका, नीट लिहिलं हाय का. म्हणजे कोणी रस्त्यात विचारलं तर मले सांगता याव." थोडं थांबून ते म्हणाले, "रिटायर झाले की शिकवीन म्हणे तुमाले. याच खोलीत. पोट्टे घरी गेल्यावर."

त्याआधीच बाई गेल्या होत्या.

शिवणवालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तिचा राग अजून उतरला नव्हता. "पण काका, आमच्या मागून बोलून भेव कायले दाखवलं? अर्ध्या बाया यायच्या बंद झाल्या."

काकांनी मान वर केली. "कोण बोललं?"

"तुमीच नं. आमचं म्हणून झाल्यावर मागून म्हणत होते."

"म्या नाई म्हटलं," काका म्हणाले. "तोंड उघडलं असतं तर तुमी तेव्हाच पकडलं असतं मले. म्या तर खोकला आला तरी दुपट्टा तोंडात कोंबो."

शिवणवालीने माझ्याकडे पाहिलं.

"आवाज मलेही येत होता," ते सावकाश म्हणाले. "मले वाटे, तुमच्यातलीच कोणी एक मागं पडते." आणि मग जरा वेळाने, जणू स्वतःशीच, "पण थो माह्या डाव्या हाताकून येत होता."

मी त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. कोपऱ्यात एक टेबल होतं, भिंतीला टेकवलेलं. त्यावर धूळ होती, बाकी काही नव्हतं. त्या खोलीत तेव्हा मला जशी थंडी वाजली तशी ऐन मे महिन्यात कधी वाजलेली नाही.

आम्ही खिडकी बंद केली आणि बाहेर आलो. टेबलाविषयी कोणी काही बोललं नाही.

काकांना वर्गात आणायला मी काही केलं नाही. ते शिवणवालीने केलं. ती घरोघरी जाऊन सांगून आली की भूतबीत काही नाही, घंटीवाले काका आहेत, लाजून तिकडे बसत होते. काकांच्या मुलीलाही तिनेच सांगितलं. बायका परत आल्या. काका पहिल्या दिवशी आले तेव्हा दारातच अडले. आजीने आपल्या शेजारची जागा हाताने झटकली. "या, बसा," ती म्हणाली. "मलेही काईच येत नाई. कोणी हासत नाई इथं."

बाजूच्या खोलीला दोन्हीकडून नवी कुलपं लावली होती. किल्ल्या माझ्या पिशवीत होत्या. मी काचेवर 'त' लिहिला, म्हटला, सगळ्यांनी म्हटला, काकांनीही, घोगऱ्या आवाजात. मग सगळेजण एकदम थांबले. ऐकू आला की नाही, हे मी आज शपथेवर सांगू शकणार नाही. मी आजीकडे पाहिलं, तिने मान खाली घातली. काकांची मान किंचित डावीकडे कलली होती. मी काच पुसली आणि 'थ' लिहिला.

काकांची अडचण वेगळीच होती. त्यांना अर्धी मुळाक्षरं येत होती, पण सगळी उलटी, आणि तीही उजवीकडून डावीकडे. सरळ अक्षर त्यांना ओळखूच येईना. मी त्यांची पाटी खिडकीशी नेऊन आरसा धरायची, खिळ्यांच्या गोष्टी सांगायची. हातावर हात ठेवून 'क' गिरवून घेताना त्यांचा हात दुसऱ्या दिशेला ओढ घ्यायचा, समोरून कोणी ओढत असल्यासारखा. पावसाळा लागेपर्यंत तो सरळ झाला. परीक्षेला बसले तेव्हा त्यांनी सगळ्यात शेवटी पेपर दिला, पण एकही अक्षर उलटं नव्हतं.

पर्यवेक्षक येऊन गेले होते, पाहुण्यांना आम्ही आमच्याच खोलीत दाटीने बसवलं होतं. त्यांना वर्ग आवडला. बायका अक्षर म्हटल्यावर अशा मधेच का थांबतात, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, सवय आहे.

साक्षरता दिनाला रामदासपेठेतल्या एका सभागृहात कार्यक्रम झाला. आमच्या वर्गाचं नाव पुकारलं. मी काकांना पुढे व्हा म्हणाले, पण त्यांनी हात जोडले. मग शिवणवाली गेली. स्वतः शिवलेला नवा ब्लाऊज घालून आली होती. शाल आणि प्रमाणपत्र घेऊन खाली आल्यावर तिने ते प्रमाणपत्र तिथेच, खुर्चीत बसून, बोट ठेवून ठेवून वाचलं. एका शब्दाला अडली. 'प्रशस्तिपत्र' हा शब्द कोणालाही अडेल असाच आहे.

मग दिवे मालवून एक फिल्म दाखवली. जगभरात असे वर्ग कसे चालतात ती. कुठे झाडाखाली बसलेल्या बायका होत्या, डोक्याला रंगीत फडकी बांधलेल्या. कुठे तंबूत, गुडघ्यांवर पाटी घेतलेल्या. कुठे होडीत भरलेला वर्ग, पाण्यावर हलणारा. भाषा एकही कळत नव्हती, पण काय चाललंय ते आम्हाला पहिल्या क्षणी कळलं. शिकवणारी म्हणायची, बाकीच्या तिच्यामागून म्हणायच्या. अक्षरं वेगळी होती, सूर आमचाच होता. शिकवणारीचं बोट खडूने माखलेलं होतं, माझ्यासारखंच. इतक्या लांब कोणी आपलंच काम करत बसलं आहे हे कधी माझ्या डोळ्यांसमोर आलं नव्हतं.

अंधारात शिवणवालीने माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता.

"मॅडम, आयकलं?"

"काय?"

"त्याईचं म्हणून झालं नं, का एक जण मागून म्हणते."

मी ऐकू लागले. झाडाखालच्या बायका पुन्हा म्हणाल्या. आवाज थांबला. सभागृहातले पंखे फिरत होते. आणि त्यांच्या घरघरीखाली, अगदी शेवटी, काहीतरी होतं. फिल्ममधलाच आवाज असेल. एखादी खरंच मागे पडली असेल, प्रत्येक वर्गात एक पडतेच. मी ओळीत पुढे पाहिलं. आजी पदराचं टोक धरून बसली होती. काका पडद्याकडे पाहत नव्हते. त्यांनी डोळे मिटले होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

दिवे लागले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. मग पोहे खाल्ले आणि ई-रिक्षाने घरी आलो. वाटेत त्या फिल्मविषयी शिवणवाली एवढंच म्हणाली की होडीतल्या पोरीच्या हाताला तिळासारखं गोंदण होतं, आपल्याकडे असतं तसं.

त्या शाळेची इमारत आता दुसऱ्या कामाला दिली आहे. पार्टिशन काढून दोन्ही खोल्यांची एक मोठी खोली केली. आमचा वर्ग जवळच्या बुद्धविहारात भरतो. तिथे चांगला फळा आहे, पंखे आहेत, आणि नवीन बायका येतात ज्यांना हे काही माहीत नाही. मी त्यांना सांगत नाही.

गेल्या हिवाळ्यात काकांच्या मुलीचा फोन आला. काकांच्या डोळ्यांना कमी दिसू लागलं होतं, तिला सुट्टी मिळत नव्हती, मी त्यांना दवाखान्यात नेईन का. मी त्यांना रामदासपेठेत घेऊन गेले. तपासणाऱ्या मुलीने त्यांना खुर्चीत बसवलं. समोरच्या भिंतीवर दोन तक्ते होते. एक अक्षरांचा, एक ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठीचा, नुसत्या खुणांचा. तिचा हात सवयीने खुणांच्या तक्त्याच्या दिव्याकडे गेला.

"बाबा, खुणांचा लावते," ती म्हणाली. "टोक कुठे आहे ते फक्त हाताने दाखवा."

"अक्षराचा लाव," काका म्हणाले.

तिने लावला. एका डोळ्यावर झाकण ठेवून काका वाचू लागले. मोठी अक्षरं भराभर, मग जरा अडत, मग एकेक करून. अर्ध्यावर आल्यावर थांबले.

"पुढे?" ती म्हणाली. "वाचता येत नाही का?"

जन्मभर कोणी काही वाचायला सांगितलं की काका म्हणायचे, चष्मा घरी राहिला. चष्मा त्यांच्याकडे कधी नव्हताच. हे त्यांनीच मला त्या दिवशी येताना रिक्षात हसत हसत सांगितलं होतं.

"वाचता येते," ते म्हणाले. "दिसत नाई."

तिने लिहून घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. मोतीबिंदू पिकला आहे, ऑपरेशन करावं लागेल, म्हणाली. आम्ही बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. काका डोळे मिटून होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, ऑपरेशननंतर किती दिवस वाचायचं नाही. मी म्हणाले, डॉक्टरांना विचारू.